कऱ्हाड सापडलंच नाही: एका नॉलेज ग्राफ टूलच्या डॉक्युमेंटेशनची गोष्ट

प्रश्न साधा होता. "कऱ्हाड कोणत्या जिल्ह्यात आहे?" कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम ज्यानं एकदा पाहिलाय, तो झोपेतही सातारा म्हणेल. आमच्या एजंटनं, म्हणजे प्रश्न वाचून हाताशी दिलेली टूल्स (माहिती आणून देणारी साधनं) स्वतः वापरणाऱ्या एआय प्रोग्रामनं, मात्र उत्तर दिलं, "उपलब्ध माहितीत या नावाचं ठिकाण आढळत नाही. कृपया नावाचं शुद्धलेखन तपासून पाहावं."

शुद्धलेखन तपासावं! मराठी माणसाला कऱ्हाडचं शुद्धलेखन शिकवणारा हा एजंट आम्हीच बांधला होता, आणि त्याच्या हातात दिलेल्या टूलचं डॉक्युमेंटेशन मी लिहिलं होतं. ते कुठं चुकलं आणि नंतर कसं बदललं, त्याची ही हकिकत.

आधी काम काय होतं ते सांगते. मराठी वाचकांसाठी एक छोटं ॲप. गावं, जिल्हे, नद्या, संत, लेखक यांच्याबद्दल मराठीत प्रश्न विचारायचा आणि आधारासकट उत्तर मिळवायचं. आधार म्हणून विकिडेटा निवडला: विकिपीडियाच्याच परिवारातला, वस्तू आणि त्यांच्यातले संबंध नोंदवणारा खुला माहितीसाठा, म्हणजेच नॉलेज ग्राफ. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेला हा ग्राफ आज १० कोटींहून जास्त नोंदींचा आहे. तो सीसी-झिरो परवान्याखाली असल्यानं वापरायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि एकाच नोंदीला अनेक भाषांत नावं देता येत असल्यानं मराठीलाही तिथं जागा आहे. प्रत्येक वस्तूला एक क्यू क्रमांक असतो आणि प्रत्येक संबंधाला एक पी क्रमांक. महाराष्ट्र म्हणजे क्यू ११९१. 'अमुक प्रकारची वस्तू आहे' हे सांगणारा पी ३१, 'अमुक प्रशासकीय भागात येते' हे सांगणारा पी १३१. या क्रमांकांच्या भाषेत प्रश्न विचारायचा तो स्पार्कल नावाच्या क्वेरी भाषेत.

हा ग्राफ एजंटला जोडला एमसीपीमार्फत, म्हणजे एआयला बाहेरची टूल्स जोडायच्या एका ठरावीक पद्धतीमार्फत. अँथ्रोपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केलेली ही पद्धत आता बरीच रुळली आहे. प्रत्येक टूलला एक नाव असतं, एक वर्णन असतं, आणि कोणत्या रूपात माहिती द्यायची त्याचा साचा असतो. मॉडेलला, म्हणजे एजंटमागच्या एआयला, टूलबद्दल जे कळतं ते एवढ्यावरूनच. आमची टूल्स तीन होती: नावावरून नोंद शोधणारं, एक नोंद पूर्ण वाचून देणारं, आणि स्पार्कल क्वेरी चालवणारं.

डॉक्युमेंटेशन मी मनापासून लिहिलं होतं. आकृत्या होत्या, शब्दसूची होती, चुकांचा वेगळा भाग होता. आमच्या डेव्हलपरनं त्यातलं पहिलं वाक्य उचलून टूलच्या वर्णनात टाकलं: "विकिडेटावर स्पार्कल क्वेरी चालवते व निकाल परत देते." बाकीची पानं आतल्या साइटवर राहिली. मी विचारलं, "अरे, एवढ्यावर भागेल?" तो म्हणाला, "ताई, मॉडेलला स्पार्कल येतं. विकिडेटा तर त्याला पाठ आहे."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आणि घोळ झाला तो त्यांच्यामुळेच.

कऱ्हाडचंच घ्या. एजंटनं शोधाचं टूल वापरलंच नाही. थेट क्वेरी लिहिली: ज्या वस्तूचं लेबल, म्हणजे नोंदवलेलं नाव, 'कऱ्हाड' आहे, ती दे. स्पार्कलमध्ये 'कऱ्हाड' ही नुसती अक्षरं आणि 'मराठी' अशी भाषेची खूण लावलेली तीच अक्षरं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकिडेटावरच्या लेबलांना खूण असते, एजंटच्या क्वेरीत नव्हती. शून्य ओळी. मग त्यानं खूण लावली. परत शून्य.

दुसऱ्या शून्याचं कारण शोधायला माझी अख्खी दुपार गेली. ते पूर्णपणे मराठी कारण आहे. कऱ्हाडमधला तो अर्धा र, जो आपण शाळेत 'सुऱ्या', 'दऱ्या' लिहिताना आडव्या लहानशा फटकाऱ्यानं काढतो, तो युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या अक्षरांसाठीच्या सामाईक संकेतात, दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत त्यासाठी 'ऱ' हे वेगळं अक्षर येतं आणि त्यापुढे हलन्त. दुसरीत साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही एकसारखे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द, आणि युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण करूनही ते एक होत नाहीत. शिवाय 'कराड' हे तिसरं रूप सर्रास चालतं. प्रश्न विचारणाऱ्याच्या कीबोर्डनं एक रूप दिलं, आमची क्वेरी नेमकं तेच रूप जुळवत बसली, आणि त्या रूपात तिथं काही नव्हतं.

एजंटच्या जागी माणूस असता तर शून्य ओळी पाहून म्हणाला असता, "छे, असं कसं होईल?" आणि 'कराड' टाकून पाहिलं असतं. एजंटनं शून्य ओळी वाचल्या आणि त्यांचा सरळ अर्थ घेतला: नाही.

यानंतर आम्ही जुन्या उत्तरांचे लॉग, म्हणजे एजंटच्या प्रत्येक पायरीच्या नोंदी, उघडले. चाचणीसाठी आमच्याकडे वीसेक प्रश्नांचा संच होता, त्यातले बहुतेक 'पास' झालेले. यावेळी मात्र फक्त उत्तरं पाहिली नाहीत, एजंटनं आत नेमकं काय केलं तेही वाचत गेलो.

"महाराष्ट्रात किती जिल्हे आहेत, यादी द्या." उत्तर: ३६, यादी बरोबर, आधार विकिडेटा. आम्ही बरोबरची खूण करून पुढे गेलो होतो. लॉगमध्ये दिसलं की क्वेरीनं छत्तीसपेक्षा बऱ्याच कमी ओळी दिल्या होत्या. उरलेले जिल्हे एजंटनं आठवणीतून भरले आणि सगळ्यांखाली विकिडेटाचा शिक्का मारला.

कमी ओळी का आल्या? पी १३१ वापरण्याचा संकेत असा की लगतचा वरचा घटक द्यायचा. आणि महाराष्ट्रात जिल्हा आणि राज्य यांच्यामध्ये विभाग येतो: कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. जिल्ह्याची नोंद विभागाला जोडलेली असेल तर राज्याशी तिचा थेट धागा नसतो. तो विभागाकडून येतो. 'थेट महाराष्ट्रात असलेले जिल्हे' असं विचारलं की असे जिल्हे गळतात. क्वेरीत पी १३१ च्या पुढे तारा, म्हणजे * हे चिन्ह, दिलं की ती पायऱ्या चढत जाते, कितीही असल्या तरी. पी ३१ बाबतही तेच. वस्तू उपप्रकाराची असेल तर पी २७९, म्हणजे 'अमुकचा उपप्रकार', या वाटेनंही चढावं लागतं. विकिडेटावर रोज काम करणाऱ्याच्या हे बोटांत असतं. माझ्या डॉक्युमेंटेशनमध्येही होतं, नवव्या पानावर.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती याच उत्तराची. कऱ्हाडचं चुकलेलं उत्तर निदान डोळ्यात खुपलं. हे बरोबर होतं. मॉडेल जितकं जाणतं, तितकं ते टूलच्या डॉक्युमेंटेशनमधली भोकं गुपचूप बुजवतं, आणि लिहिणाऱ्याला वाटतं आपलं छान चाललंय.

तिसरी गोष्ट क्यू क्रमांकांची. एजंटला महाराष्ट्राचा क्रमांक खरंच पाठ होता, भारताचाही. त्या जोरावर तो एका लहानशा तालुक्याचाही क्रमांक ठोकून देत होता. हवेतला क्रमांक बहुतेक वेळा कशाचा ना कशाचा तरी असतोच, कारण ग्राफच एवढा मोठा आहे. म्हणजे क्वेरी चालते, तक्रार करत नाही, आणि आपण एखाद्या परक्या वस्तूबद्दल विचारलेलं असतं.

आणि चौथी, जिच्यावर आम्ही हसलो. "संत ज्ञानेश्वरांचा जन्म कधी झाला?" उत्तर: १ जानेवारी १२७५. परंपरेनं श्रावण वद्य अष्टमी, शके ११९७, म्हणजे गोकुळाष्टमी. आपेगावात कुणाला हे उत्तर वाचून दाखवलं असतं तर काय ऐकावं लागलं असतं कोण जाणे. कारण तांत्रिक आहे. विकिडेटात तारखेसोबत तिची अचूकताही नोंदवतात: दिवसापर्यंत माहीत आहे, वर्षापर्यंत, की फक्त शतकापर्यंत. नोंद नुसत्या वर्षाची असली तर साधी क्वेरी ते वर्ष १ जानेवारीच्या रूपात देते आणि अचूकतेचा आकडा मागेच राहतो. तो वेगळा मागावा लागतो. ११ म्हणजे दिवस, ९ म्हणजे वर्ष, ७ म्हणजे शतक. तुकारामांच्या जन्मवर्षाबद्दल तर अभ्यासकांतच १५९८ की १६०८ असा वाद आहे. एकाच गुणधर्माच्या अशा दोन नोंदी असल्या तर एजंट पहिली ओळ उचलून मोकळा होत होता.

चारही प्रकारांत एक गोष्ट सारखी होती. कुठंही एरर आली नव्हती. सर्व्हरच्या दृष्टीनं सगळं सुरळीत.

मग मी माझा 'चुका' नावाचा भाग पुन्हा वाचला. ६० सेकंदांची मर्यादा ओलांडली तर क्वेरी तुटते. फार भराभर विनंत्या पाठवल्या तर ४२९ हा कोड येतो आणि थांबावं लागतं. आपली ओळख सांगणारं यूजर एजंट लिहिलं नाही तर अडवलं जाऊ शकतं. सगळं बरोबर, सगळं नीट लिहिलेलं. आणि या एकाही बाबतीत एजंट अडखळला नव्हता, कारण एरर आली की तो ती वाचतो आणि मार्ग बदलतो. जी संकटं स्वतः ओरडून सांगतात त्यांच्यावर मी पानं भरली होती. जी मुकाट येतात त्यांच्यावर एक ओळ, तीही नवव्या पानावर.

नव्यानं लिहायला बसले तेव्हा पहिला प्रश्न भाषेचा आला. डेव्हलपरचं म्हणणं इंग्रजीतच लिहा. देवनागरीला टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं ते) जास्त लागतात आणि वर्णन प्रत्येक संभाषणात सोबत जातं. पटलं. (शिवाय एजंटला 'तू' म्हणायचं की 'आपण', हा पेच इंग्रजीत पडत नाही.) इथं मराठीत सांगते.

क्वेरीच्या टूलचं वर्णन आता असं सुरू होतं: "क्यू क्रमांक माहीत असेल तेव्हाच हे टूल वापर. क्रमांक आठवणीतून लिहू नकोस, ओळखीचा वाटला तरी. आधी शोधाच्या टूलकडून घे, आणि सोबत आलेलं वर्णन आपल्याला हव्या त्याच वस्तूचं आहे ना ते बघ." शेवटचं वाक्य 'पुणे'साठी. पुणे शहर आहे, जिल्हा आहे, विभाग आहे. शोधात तिन्ही येतात आणि एजंट बिनदिक्कत पहिलं घ्यायचा.

पुढचं वाक्य: "नाव जुळवून वस्तू शोधायला ही क्वेरी वापरू नकोस." बस. अर्ध्या र चं सगळं पुराण मी आधी इथंच लिहिलं होतं, चांगलं दीड परिच्छेद, आणि मग काढून टाकलं. एजंटला युनिकोड समजावण्यापेक्षा शोधाच्या टूलनंच नावाची दोन्ही रूपं करून दोन्हींनी शोधावं हे सोपं होतं. डेव्हलपरनं ते केलं. काही गोष्टी लिहायच्या नसतात, दुरुस्त करायच्या असतात. लिहिणारी म्हणून हे कबूल करायला मला थोडा वेळ लागला.

खरा बदल मात्र वर्णनात झाला नाही, तो झाला निकालात. आधी शून्य ओळी आल्या की टूल एक रिकामी यादी परत द्यायचं. आता ते सोबत चार ओळी देतं: "० ओळी. याचा अर्थ अशी वस्तू नाही असा होत नाही. बहुधा मधली पायरी सुटली आहे (पी १३१ किंवा पी २७९ पुढे * लावून बघ), किंवा भाषेची खूण नाही, किंवा क्रमांक दुसऱ्याच वस्तूचा आहे. दोन प्रयत्नांनंतरही शून्यच आलं तर 'या स्रोतात सापडलं नाही' असं म्हण; 'नाही' असं म्हणू नकोस." तारखांचंही तसंच. निकालातली तारीख फक्त वर्षापुरती असेल तर टूल आता तिथं '१२७५ (फक्त वर्ष)' असंच लिहून देतं. १ जानेवारी एजंटच्या नजरेलाच पडत नाही.

म्हणजे डॉक्युमेंटेशनचा मोठा भाग पुस्तकातून उठून प्रसंगात गेला. स्वयंपाक शिकवणारी आजी आधी तासभर व्याख्यान देत नाही. फोडणी करपायला लागली की तेवढ्यापुरतं "गॅस बारीक कर" म्हणते.

पहिल्याच फटक्यात सगळं बसलं असं मात्र नाही. वर्णनात मी एक पूर्ण उदाहरण दिलं होतं: सातारा जिल्ह्यातले तालुके काढणारी क्वेरी. एजंटला ते इतकं आवडलं की सांगलीबद्दल विचारलं तरी कधी कधी साताऱ्याचाच क्रमांक तसाच राहायचा. पुन्हा तेच, चालणारी क्वेरी आणि मुकाट चूक. मग क्रमांकाच्या जागी 'इथे_क्रमांक_घाल' असं लिहिलं. त्यानंतर एकदा एजंटनं ते शब्दही जसेच्या तसे पाठवले. पण यावेळी क्वेरी मोडली, एरर आली, त्यानं ती वाचली आणि स्वतः दुरुस्त केली. उदाहरणात मुद्दाम मोडणारी जागा ठेवायची हे मी तिथं शिकले. माणसांसाठी लिहिताना आपण नेमकं उलटं करतो. उदाहरण कॉपी केलं की चाललं पाहिजे, असा आमचा धर्म.

दुसरी चूक भीतीपोटी झाली. प्रत्येक नव्या फजितीनंतर मी वर्णनात एक सूचना वाढवत गेले. वर्णन दोन पानांवर गेलं आणि एजंट सोवळं पाळणाऱ्या माणसासारखा वागू लागला. नदीची लांबी विचारली तरी अचूकता तपासायची, प्रत्येक नावाचे तीन तीन शोध घ्यायचे. उत्तराला वेळ लागू लागला. मग कात्री लावली. कसोटी एकच: ही सूचना निकालासोबत वेळेवर देता येते का? येत असेल तर वर्णनातून बाद. एक ओळ काढली की वीसच्या वीस प्रश्न पुन्हा चालवायचे, आणि उत्तरांसोबत लॉगही वाचायचे. कंटाळवाणं काम आहे. पण एका जागची ओळ हलवली की भलत्याच प्रश्नाचं उत्तर बिघडतं, हे दोनदा पाहिल्यावर कंटाळा गेला.

जिल्ह्यांच्या यादीसाठी एक जास्तीचं वाक्य मात्र ठेवलं: "निकालात नसलेली कोणतीही बाब उत्तरात घालायची असेल तर ती वेगळी काढून 'स्रोताबाहेरची' असं लिही." एजंटला जे येतं ते विसर म्हणणं शक्य नाही, आणि शहाणपणाचंही नाही. धारावीच्या दुकानातून घेतलेली चपलांची जोडी कोल्हापुरी म्हणून विकू नकोस, एवढंच सांगायचं होतं.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. "१९९१ साली वसई कोणत्या जिल्ह्यात होती?" उत्तर ठाणे, कारण पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. ग्राफमध्ये हे सांगायची सोय आहे. संबंधाला सुरुवातीची तारीख पी ५८० नं आणि शेवटची पी ५८२ नं जोडता येते. पण साधी क्वेरी फक्त सर्वात वरच्या दर्जाची नोंद देते आणि या तारखा दाखवत नाही. त्या बघायला विधानाच्या आत शिरणारी लांब क्वेरी लागते. ती कशी लिहायची ते मी लिहिलं, एजंट ती लिहितोही. अडचण तिथं नाही. असंख्य गावांच्या नोंदींवर या तारखा कुणी घातलेल्याच नाहीत, आणि जे ग्राफमध्येच नाही ते डॉक्युमेंटेशन आणणार कुठून? सध्या एजंट म्हणतो, "आज पालघर जिल्ह्यात. १९९१ ची नोंद या स्रोतात नाही. स्रोताबाहेरची माहिती: त्या वेळी ठाणे जिल्हा." मला हे उत्तर आवडतं. ॲप वापरणाऱ्यांपैकी काहींना आवडत नाही. त्यांना एका शब्दात उत्तर हवं असतं.

शून्य ओळींचा तो संदेश टूल आता एका फाइलमध्येही लिहून ठेवतं, कोणत्या नावाला तो आला त्यासकट. ती फाइल आमच्या टीममधल्या एका काकूंकडे जाते. त्या निवृत्त भूगोल शिक्षिका, विकिडेटावर त्यांचं स्वतःचं खातं आहे, आणि कुणालाही संपादन करता येत असल्यानं त्या शनिवारी चहा घेऊन बसतात आणि एकेका गावाच्या नोंदीत मराठी उपनावं भरत जातात: अर्ध्या र ची दोन्ही रूपं, जुनी नावं, बोलीतली नावं. उस्मानाबाद-धाराशिव, अहमदनगर-अहिल्यानगर यांच्या नोंदी नीट आहेत की नाहीत तेही त्या बघतात. परवा त्यांचा मेसेज आला: "कऱ्हाड झालं. आता बारामतीचं कोऱ्हाळे घेतलंय. बुद्रुक आणि खुर्द दोन वेगळ्या नोंदी हव्यात, तुझ्या एजंटला सांगून ठेव."